ढुशी मारणारा आदिमानव: ‘बॉन्क’ला समीक्षकांनी पहिल्यांदा कसं जोखलं

कमरेला कातड्याचा तुकडा गुंडाळलेलं, अंगापेक्षा डोकं मोठं असलेलं एक टकलं पोर पडद्यावर उजवीकडे धावत सुटतं. समोरून छोटा डायनासोर येतो. मारिओ असता तर त्याच्या टाळक्यावर पाय देऊन पुढे गेला असता. हे पोर मान खाली घालतं आणि एडक्यासारखी सरळ ढुशी मारतं. हवेत असेल तर उलटं होऊन डोक्यावर आपटतं. उंच कड्यावर चढायचं असेल तर कड्याला दात रोवतं आणि चावत चावत वर जातं.

हा व्हिडिओ खेळ १५ डिसेंबर १९८९ रोजी जपानमध्ये ‘पीसी गेन्जिन’ या नावानं आला. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत ‘बॉन्क्स अ‍ॅडव्हेंचर’ झाला. संकल्पना आणि निर्मिती रेड कंपनी आणि अ‍ॅटलस यांची, प्रकाशक हडसन सॉफ्ट, यंत्र म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं एनईसीचं पीसी इंजिन. आज त्याच्याबद्दल बहुतेक ठिकाणी एकच वाक्य वाचायला मिळतं: टर्बोग्राफ्स (पीसी इंजिनचं अमेरिकी नाव) या हरलेल्या यंत्राचा मारिओ. मला हे वाक्य अपुरं वाटतं आणि थोडं अन्यायाचंही. हा खेळ प्रथम हातात घेणाऱ्या समीक्षकांपुढे हरलेलं यंत्र नव्हतंच. त्यांच्यापुढे होता नवा खेळ आणि एक विचित्र हालचाल. त्यांनी नेमकं काय जोखलं आणि कशाकडे त्यांचं मोजमाप पोचू शकलं नाही, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

नावातच यंत्र

आधी नाव, कारण स्वागताची निम्मी गोष्ट नावातच आहे. ‘गेन्जिन’ म्हणजे आदिमानव. पेकिंग मानवाला जपानीत ‘पेकिन गेन्जिन’ म्हणतात, त्यातलाच हा शब्द. ‘पीसी एन्जिन’ आणि ‘पीसी गेन्जिन’ हे दोन्ही शब्द मोठ्यानं उच्चारून पाहा, शब्दखेळ लगेच कानात शिरतो. वर ‘पीसी’चा अर्थ म्हणून पिथेकँथ्रोपस कॉम्प्युटेरुरस असं थाटाचं शास्त्रीय नाव जोडलं होतं. पिथेकँथ्रोपस हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला डच संशोधक यूजीन द्युबॉय यांनी जावा बेटावर सापडलेल्या अवशेषांना दिलं होतं. आता त्या अवशेषांची गणना होमो इरेक्टसमध्ये होते.

हे पात्र खेळाच्याही आधी जन्मलं, ‘गेक्कान पीसी इंजिन’ या मासिकातल्या चित्रपट्टीत. शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेचं हे मासिक त्याच यंत्राला वाहिलेलं होतं. म्हणजे मासिकानं पात्र घडवलं, पात्रावरून खेळ झाला आणि तो खेळ पुन्हा त्या मासिकाच्या वाचकांपुढे आला. घरातल्या मुलाच्या पहिल्या नाटकाला घरच्यांनी टाळ्या वाजवाव्यात, तशी ही जवळीक होती. त्यात लबाडी होती असं मी म्हणत नाही. पण जपानमधलं स्वागत वाचताना हे नातं विसरून चालणार नाही. तिथे या पोराची ओळख करून द्यावी लागली नाही, वाचक त्याला आधीपासून ओळखत होते.

अमेरिकेत हा शब्दखेळ जाणार कसा? तिथे तर यंत्राचंच नाव बदलून टर्बोग्राफ्स-१६ झालं होतं. म्हणून डोकं आपटल्याचा आवाज तेच नाव झालं: बॉन्क. युरोपात १९९२ साली अमिगा संगणकावर तो ‘बीसी किड’ म्हणून आला. ते रूपांतर कलोनच्या फॅक्टर ५ या चमूनं केलं होतं. तीन प्रदेशांत तीन नावं, आणि प्रत्येक नावानं समीक्षकाच्या मनात वेगळी अपेक्षा उभी केली. जपानी नाव यंत्राची मस्करी करत होतं, अमेरिकी नाव हालचाल सांगत होतं आणि युरोपी नाव काळ सांगत होतं.

गुण देण्याच्या तीन तऱ्हा

त्या काळच्या समीक्षा वाचताना आपण आकड्यांकडे धावतो. पण आकडा कुठल्या तराजूतून आला ते आधी पाहायला हवं.

जपानमध्ये ‘फामित्सू’ मासिकात चार समीक्षक एकेक खेळ घेत, प्रत्येक जण दहापैकी गुण देई आणि बेरीज चाळीसपैकी होई. चौघांची मतं जागेअभावी दोनचार ओळींची असत. तोकुमा शोतेनच्या ‘पीसी इंजिन फॅन’ची रीत निराळी. तिथे वाचकच गुण देत आणि त्या सदराला शाळेच्या प्रगतिपुस्तकाचंच नाव होतं. पात्रं, संगीत, पैशाचं मोल, हाताळणी, गुंगवून ठेवण्याची ताकद आणि नवेपणा असे सहा विषय, प्रत्येकाला पाच गुण, एकूण तीस. मला ही रीत फार मोलाची वाटते. एखादा खेळ नवेपणात कमी आणि पात्रांत जास्त असू शकतो, हे ती एका नजरेत दाखवते. बॉन्कसारख्या खेळाला असंच प्रगतिपुस्तक न्याय देऊ शकतं, कारण त्याचं सगळं बळ दोन विषयांत एकवटलं आहे: पात्र आणि हाताळणी.

अमेरिकेत ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’नं चार समीक्षक आणि दहापैकी गुण ही फामित्सूच्या वळणाचीच रीत उचलली होती. ब्रिटनमध्ये शेकडेवारीचा अंमल. तिथली मासिकं चित्र, आवाज, टिकाऊपणा यांना वेगवेगळे टक्के देत आणि शेवटी एकूण टक्के काढत. दहातल्या एका गुणाची जागा शंभरातल्या दहा टक्क्यांना मिळाली की समीक्षक जास्त बारीक भेद करतो असं वाटतं. प्रत्यक्षात बरेचसे खेळ सत्तर ते नव्वदच्या पट्ट्यातच गर्दी करत.

कौतुक कशाचं झालं

सर्वसाधारण सूर कौतुकाचा होता, आणि ते कौतुक फिरून फिरून चेहऱ्यावर येत होतं. १९९० साली प्लॅटफॉर्म खेळातल्या, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या खेळातल्या नायकाला चेहरा असे, पण चेहऱ्यावर भाव क्वचितच असत. मोजक्या ठिपक्यांच्या आकृतीत भाव बसवायला जागाच कुठे? बॉन्कच्या निर्मात्यांनी डोकंच शरीराएवढं मोठं केलं आणि हा प्रश्न सोडवला. डोकं हे हत्यार, आणि तेच भाव दाखवायची जागा. मांसाचा छोटा तुकडा खाल्ला की पोराचा तोरा बदलतो, आणि उलटी उडी मारून त्यानं जमिनीवर डोकं आपटलं की धक्क्यानं शत्रू जागच्या जागी थिजतात. मोठा तुकडा खाल्ला की ते रागानं लालबुंद होतं आणि काही काळ त्याला काहीच लागत नाही. मार बसला की त्याचं तोंड वेडंवाकडं होतं. खलनायक राजा ड्रूल यानं मोहिनी घातलेले डायनासोर डोक्यावर पुरेसा मार बसला की भानावर येतात. राजकन्या झा हिला सोडवायचं हे कथानक बेताचंच, पण ते पुढे नेणारी प्रत्येक मुद्रा नीट घडवलेली आहे.

टप्प्यांची कल्पकताही लोकांच्या नजरेत भरली. एका ठिकाणी प्रचंड डायनासोरच्या पोटातून वाट काढावी लागते. माणूस आणि डायनासोर यांच्यामध्ये साडेसहा कोटी वर्षांचं अंतर आहे, पण विनोदी चित्रपट्ट्यांनी ते कधीच पुसून टाकलं होतं. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही, आणि करण्याचं कारणही नव्हतं.

माझ्या मते त्या समीक्षकांचा खरा चाणाक्षपणा दुसऱ्या गोष्टीत आहे. ढुशी ही केवळ गंमत नाही, तिच्यामुळे खेळाचं व्याकरण उलटं होतं हे त्यांनी हेरलं. मारिओच्या सवयीचा हात इथे पहिल्या मिनिटातच फसतो. शत्रूवर पाय देऊन उतरलात तर मार तुम्हालाच बसतो. डोकं लागलं तरच शत्रू मरतो, मग ते खालून उडी मारून लागो की वरून उलटं पडून. याचा अर्थ खेळाडूला दर क्षणी विचारावं लागतं की आत्ता माझं डोकं कुठे आहे. त्यात उलटं होण्याचं बटण दाबायची वेळ चुकली की पोर पायांवर येतं. ही हालचाल अंगवळणी पडायला दहा मिनिटं लागतात आणि मग ती हातातून जात नाही. १९९० साली अमेरिकेत ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ नुकताच आला होता. बाजारातला प्रत्येक प्लॅटफॉर्म खेळ त्याच्याच शेजारी ठेवून पाहिला जात होता. अशा वेळी वेगळं ठरण्यासाठी नवी चित्रं पुरली नसती, नवी हालचालच हवी होती.

कोरड्या हंगामातला पाऊस

अमेरिकेतल्या स्वागताला आणखी एक पदर आहे. टर्बोग्राफ्स-१६ तिथे ऑगस्ट १९८९च्या अखेरीला आलं, सेगाच्या जेनेसिस या प्रतिस्पर्धी यंत्रानंतर थोड्याच दिवसांनी. यंत्रासोबत ‘कीथ करेज इन अल्फा झोन्स’ हा खेळ मिळे. तो एका जपानी कार्टून मालिकेवरून केला होता, पण अमेरिकेत नावं बदलून आल्यामुळे तिथल्या मुलांना त्यातलं काहीच ओळखीचं नव्हतं. जेनेसिससोबत मिळणारा ‘ऑल्टर्ड बीस्ट’ मोठाल्या आकृत्यांनी डोळे दिपवत होता. एनईसीच्या यंत्रात आकृत्या आणि रंग हाताळणारा भाग १६-बिटचा, पण मध्यवर्ती प्रोसेसर ८-बिटचाच. म्हणून नावातला ‘१६’ हा आकडाच वादाचा विषय झाला होता.

बॉन्क आला तो या वातावरणात. यंत्र विकत घेतलेल्यांना आणि त्यावर लिहिणाऱ्यांना एक गोष्ट हवी होती: मित्राला घरी बोलावून ‘हे बघ’ म्हणता येईल असं काहीतरी. बॉन्कनं ती गरज भागवली. एनईसीनं त्याला यंत्राचा चेहराच बनवलं, जाहिरातींत तो दिसू लागला. ‘टर्बोप्ले’सारखं या यंत्रालाच वाहिलेलं मासिकही अमेरिकेत निघालं होतं. माझ्या मते त्या वर्षीच्या कौतुकात थोडा सुटकेचा निःश्वासही मिसळलेला आहे. तहानलेल्या माणसानं पाण्याला गोड म्हटलं तर तो खोटं बोलत नसतो, पण त्याच्या तहानेचीही नोंद ठेवावी लागते.

तक्रारी मुख्यतः दोन होत्या. साचा ओळखीचा आहे, ही एक. उजवीकडे धावा, फळं गोळा करा, टप्प्याच्या शेवटी मोठ्या शत्रूशी लढा. यात नवं काय, हा प्रश्न रास्तच होता. दुसरी तक्रार, खेळ सोपा आहे. आणि या दुसऱ्या तक्रारीपाशी मला बराच वेळ थांबायचं आहे.

सोपा कुणासाठी?

सोपेपणाची काही कारणं उघड आहेत. बॉन्कला हृदयांची पट्टी आहे, एका धक्क्यात जीव जात नाही. मांस खाल्लं की काही काळ अभय मिळतं. पण आणखी एक कारण खेळाच्या आत नाहीच, ते हातातल्या पॅडवर आहे.

हवेत असताना ढुशीचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं की बॉन्क गरगर फिरतो आणि खाली येण्याचा त्याचा वेग कमी होतो. पुरेशा जलद दाबलं तर तो तरंगल्यासारखा लांबची दरी ओलांडतो. कड्यावर दातांनी चढण्याचा वेगही असाच बोटांच्या चपळाईवर अवलंबून आहे. म्हणजे अवघड जागा पार करायची किल्ली एकच: तुम्ही बटण किती जलद दाबू शकता.

आता पॅडकडे पाहू. अमेरिकेत टर्बोग्राफ्सबरोबर मिळणाऱ्या पॅडवर बटणांच्या वर दोन छोटे सरकते स्विच होते. स्विच पुढे सरकवला की बटण नुसतं दाबून धरायचं, सेकंदाला अनेकदा दाबण्याचं काम पॅड स्वतः करतो. यंत्राच्या नावातला ‘टर्बो’ पॅडवरही होताच. १९८७ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या पांढऱ्या पीसी इंजिनच्या पॅडवर मात्र हे स्विच नव्हते, टर्बो पॅड वेगळा विकत घ्यावा लागे. यंत्राची नवी आवृत्ती कोअरग्राफ्स डिसेंबर १९८९ मध्ये, म्हणजे पीसी गेन्जिन आला त्याच महिन्यात बाजारात आली आणि तिच्यासोबत टर्बो पॅड मिळू लागला.

म्हणजे एकाच खेळाची एकाच महिन्यात दोन रूपं जपानी घरांत होती. दोन वर्षांपूर्वी यंत्र घेतलेल्या मुलाला दरीपाशी अंगठा दुखेपर्यंत बटण बडवावं लागे. त्या डिसेंबरात नवं यंत्र घेतलेला मुलगा स्विच सरकवून तरंगत पलीकडे जाई. अमेरिकेत तर सगळ्यांनाच स्विच मिळाला होता. ‘हा खेळ सोपा आहे’ हे वाक्य या तिघांच्या तोंडी सारखंच सत्य असेल का? समीक्षकानं गुण दिले तेव्हा स्विच कुठल्या बाजूला होता, हे दहापैकी आठ किंवा नऊ हा आकडा सांगू शकत नाही. चित्रपटाच्या समीक्षकाला असा प्रश्न पडत नाही, कारण प्रोजेक्टर कुणाचाही असला तरी पडद्यावरचं दृश्य तेच असतं. खेळाच्या समीक्षेत मात्र हातातलं साधन हा कृतीचाच भाग असतो.

त्या समीक्षकांना मी दोष देत नाही. महिन्याला डझनभर खेळ, प्रत्येकाला चारदोन ओळी, वर गुणांची चौकट. पॅडचा प्रकार नोंदवायची रीतच नव्हती. पण सोपेपणाच्या आरोपाचं ओझं या खेळानं पुढे तीस वर्षं वाहिलं, त्यातला किती भाग खेळाचा आणि किती स्विचचा, हे वेगळं काढायला हवं. मला वाटतं, स्विच बंद ठेवून खेळलात तर बॉन्कचे शेवटाकडचे टप्पे बऱ्यापैकी दमवतात. पुढचा प्रत्येक टप्पा बोटांकडून थोडी जास्त चपळाई मागतो.

आयात केलेला आदिमानव

युरोपची गोष्ट थोडक्यात सांगतो. फ्रान्समध्ये सोडिपेंग ही कंपनी जपानी यंत्रं आणून विकत होती, ब्रिटनमध्ये छोटे आयातदार होते. ब्रिटिश मासिकांत पीसी इंजिनच्या खेळांवर उत्साहानं लिहिलं जाई, पण दुकानात सहज न मिळणाऱ्या वस्तूबद्दल. अशा समीक्षेला एक वेगळीच चव असते. जे वाचक कधीच खेळू शकणार नाहीत त्यांच्यासाठी लिहिताना समीक्षक विकत घ्या की नको यापेक्षा काय दिसतं, कसं वाटतं हेच जास्त सांगतो. आपल्याकडेही हे यंत्र अधिकृतपणे आलं नाही. मराठी घरांतल्या मुलांनी हडसनचा जंगलातला नायक पाहिला तो बहुतेक टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटवर, ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’मध्ये, कुऱ्हाड फेकत धावताना.

तराजू बदलला

२३ जून १९९१ रोजी अमेरिकेत सेगाचा ‘सॉनिक’ हा खेळ आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुपर निन्टेन्डो हे नवं यंत्र आणि त्यासोबत ‘सुपर मारिओ वर्ल्ड’. वेग म्हणजे काय आणि जगाचा विस्तार म्हणजे काय, याची मापं एका उन्हाळ्यात बदलली. याच सुमारास बॉन्कचा दुसरा भाग ‘बॉन्क्स रिव्हेंज’ आला. तो पहिल्यापेक्षा नेटका आहे, हे मी आनंदानं मान्य करतो. पण पहिल्या भागात जो संथपणा, मोठ्या आकृती आणि थांबून भाव दाखवण्याची सवय कौतुकाची ठरली होती, तीच आता जुनी वाटू लागली. एनईसीच्या बाजूनं उत्तर म्हणून १९९२ मध्ये ‘एअर झॉन्क’ आला: काळा चष्मा घातलेला, भविष्यातला, उडत गोळ्या झाडणारा बॉन्क. आदिमानवाला भविष्यात पाठवावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

ऑक्टोबर १९९२ मध्ये अमेरिकेत टर्बोड्यूओ ही यंत्राची चकतीवरचे खेळ चालवणारी आवृत्ती आली तेव्हा सोबतच्या एका चकतीवर बॉन्कचे पहिले दोन्ही भाग देऊन टाकले होते. फुकट मिळालेल्या खेळाची समीक्षा कुणी करत नाही. १९९४ साली पहिला भाग निन्टेन्डोच्या ८-बिट यंत्रावर अमेरिकेत आला तो त्या यंत्राच्या अगदी संध्याकाळी, कमी रंगांत आणि छाटलेल्या रूपात. ज्या यंत्राच्या नावावरून त्याचं बारसं झालं, त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरी तो उशिरा आलेला पाहुणा ठरला. जपानमध्ये त्या आवृत्तीचं नाव ‘एफसी गेन्जिन’ होतं. यंत्र बदललं की नावातली अक्षरं बदलत, गेम बॉयवर तो ‘जीबी गेन्जिन’ होता.

नोव्हेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोच्या ‘वी’ (Wii) यंत्रावरच्या व्हर्च्युअल कन्सोल या जुन्या खेळांच्या दुकानात तो पुन्हा आला आणि नव्या पिढीच्या समीक्षकांनी त्याला पुन्हा गुण दिले. त्यांच्यासाठी तो आता एका हरलेल्या यंत्राची आठवण होता. समीक्षेची सुरुवातच इतिहासानं होई आणि ढुशी दुसऱ्या परिच्छेदात येई. १९९० मध्ये ती पहिल्या ओळीत होती.

२०१२ मध्ये हडसन ही कंपनी कोनामी या दुसऱ्या खेळ-कंपनीत विलीन झाली. २०२० मध्ये कोनामीनं जुन्या यंत्राची छोटी प्रतिकृती काढली, तेव्हा अमेरिकी खेळांच्या यादीत बॉन्क आला तो ‘बॉन्क्स रिव्हेंज’च्या रूपानं. अमेरिकी प्रतिकृतीच्या पॅडवर बटणांच्या वर ते दोन सरकते स्विच आहेत, जपानी प्रतिकृतीच्या पांढऱ्या पॅडवर नाहीत.